खाली कोणीच नाहीये

परवा साडेपाचला लेक खाली गेली आणि दहा मिनिटांत परत वर आली. बॉल तसाच काखेत आणि तोंड एवढंसं. काय झालं गं म्हटलं तर म्हणे, "आई, खाली कोणीच नाहीये." आमच्या सोसायटीत चार विंग आहेत, दीडशेच्या वर फ्लॅट, गणपतीत बक्षिसं वाटायच्या वेळी पन्नास-साठ पोरं स्टेजसमोर धुडगूस घालत असतात हे मी दरवर्षी बघते, मग ही सगळी गेली कुठे? कुठे जाणार, क्लासला. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार फोनिक्स, म्हणजे आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवतात ते, नाहीतर हँडरायटिंग, शुक्रवारी ड्रॉइंग, शनिवारी ऑलिम्पियाडची बॅच. रविवारी बर्थडे पार्टी, तीही मॉलमधल्या प्ले झोनमध्ये, तासाच्या भाड्याने, मनगटाला कागदी पट्टा बांधून.

मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण मी स्वतः तिला साडेतीन वर्षांची असताना फोनिक्सला घातलं होतं. झालं काय, तर नर्सरीच्या ग्रुपवर एका आईने मुलाचा व्हिडिओ टाकला, तो घडाघडा कॅट मॅट रॅट वाचत होता, खाली अंगठे आणि हार्टचा पाऊस, आणि माझ्या पोटात गोळा आला. आपलं पोर मागे पडलं! साडेतीन वर्षांचं पोर नक्की कशात मागे पडतं आणि कुणाच्या मागे हे तेव्हा सुचलंच नाही, दुसऱ्या दिवशी फी भरून मोकळी झाले. चार महिन्यांनी ती रोज साडेपाचला पोट दुखतंय म्हणायला लागली, रविवारी मात्र कधी दुखायचं नाही, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आता क्लास बंद आहे. आणि तरीही ती त्या दिवशी दहा मिनिटांत वर आली, कारण तिचा क्लास नसून उपयोग काय, बाकीच्यांचा आहे ना.

मला जे म्हणायचंय ते एवढ्यातच आहे. मुलांना खेळू द्या, त्यांच्यावर प्रेशर टाकू नका असं सगळेच सांगतात, शाळेच्या गॅदरिंगला येणारे पाहुणे सांगतात, पालकसभेत समुपदेशक सांगतात, पण ते सांगणं असतं एकेका पालकाला, जणू खेळ म्हणजे दूध किंवा बदाम, आपण आपल्या पोराला दिला की झालं. तसं नसतं हो. क्लास एकट्याला लावता येतो, खेळ लावता येत नाही. डबा ऐसपैसला निदान पाचजण लागतात, लगोरीला सहा तरी हवेत, लपंडावात एकटा लपला तर त्याला शोधायला कोण येणार? दहातल्या सात मुलांच्या संध्याकाळी क्लासने खाल्ल्या की उरलेल्या तिघांची संध्याकाळ आपोआप जाते, त्यांनी कसलीही फी न भरता. आणि मग त्या तिघांचे आईबाप म्हणतात, अरे हे नुसतं घरात बसून मोबाईलच बघतंय, त्यापेक्षा ह्यालाही अबॅकसला घालू, निदान चार मुलं तरी भेटतील. ही माझी कल्पना नाही, आमच्याच मजल्यावरचा हा संवाद आहे. मुलाला मित्र भेटावेत म्हणून क्लास!

सगळे मोबाईलच्या नावाने खडे फोडतात म्हणून हे सांगितलं. माझ्या लेकीनेही त्या दिवशी वर आल्या आल्या मोबाईलच मागितला. पण क्रम बघा, आधी खालचं अंगण रिकामं झालं आणि मग हातात मोबाईल आला.

वयाचा हिशोबही जरा मांडून बघू. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ पूर्ण लागतात. तिथून उलटं मोजत आलं, सिनियर, ज्युनिअर, नर्सरी, की नर्सरीला येणारं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचंही असू शकतं. अडीच! चड्डीचं बटण लागत नाही, शी झाली की सांगायचं की नाही हे अजून पक्कं ठरलेलं नाही, आणि डायरीत शेरा की बाळाची पेन्सिल ग्रिप कच्ची आहे, घरी ट्रेसिंग करून घ्यावं. अहो, मनगटात आठ बारकी हाडं असतात, जन्माला येताना ती नुसती कूर्चा असते, हळूहळू एकेकाचं हाड होतं, आणि तीन-चार वर्षांच्या पोरात त्यातली जेमतेम तीन-चार झालेली असतात. ग्रिप कच्ची असणारच, मनगटच अजून तयार होतंय. मातीत खड्डे करणं, कणकेचा गोळा मळणं, झाडाच्या फांदीला लोंबकळणं, ह्यातूनच तो हात पेन्सिलीसाठी तयार होतो, आणि नेमकं तेच सगळं काढून घेऊन आपण त्या हातात पेन्सिल कोंबतो. वर 'केजी'. किंडरगार्टन हा शब्द जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये काढला, अर्थ मुलांची बाग. आपल्या केजीत बाग असते ती भिंतीवर रंगवलेली, तीही डोळे वटारलेल्या मिकी माऊससकट.

आणि हे काही आपल्याला कळत नाही असंही नाही, ह्याचाच मला जास्त राग येतो. बालशिक्षणाचा विचार आपल्याकडे इतका जुना आहे की त्यावर आता शेवाळ आलंय. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरला हे काम केलं. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, मग १९५७ मध्ये जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, बरोबर अनुताई वाघ. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तर ह्या बायकांनी काय केलं, मुलांना नापास नाही ठरवलं, शाळाच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शिकायचं साहित्य म्हणजे पानं, बिया, दगड, शिंपले, जे आसपास पडलंय ते. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. म्हणजे नाव आपण सगळ्या देशाला दिलं आणि आपल्या स्वतःच्या मुलांना काय दिलं, तर वर्कशीट.

सरकारी कागदांवरही सगळं आहे बरं का. 'मालगुडी डेज'वाले लेखक आर. के. नारायण राज्यसभेवर होते, १९८९ मध्ये ते तिथे पहिल्यांदा बोलायला उभे राहिले ते दप्तराच्या ओझ्यावर, मुलं वाकून चालतायत म्हणून. मग शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली, १९९३ मध्ये अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की दप्तराचं वजन हे वरवरचं दुखणं, खरं ओझं आहे ते न समजणाऱ्या गोष्टी डोक्यात भरण्याचं. बालवाडीच्या प्रवेशाच्या मुलाखती बंद करा हेही त्याच अहवालात आहे. १९९२ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला, त्याचं ३१वं कलम खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काचं. शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी चाचणी-मुलाखतीला बंदी, पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि पुढे दरवेळी ५० हजारांपर्यंत दंड. पण कायदा मुळात ६ ते १४ वयाचा, त्यामुळे नर्सरीचा विषय निघाला की पळवाटाच पळवाटा, मुलाखतीला आता 'इंटरॅक्शन' म्हणतात एवढाच काय तो फरक. २०२० च्या दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं लिहिलंय. माझ्या भाचीला सिनियरला असताना दिवाळीचा गृहपाठ चाळीस पानं होता. चाळीस!

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने जीआर काढला, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. चांगलं वाटलं ऐकून. पण काही घरांत झालं असं की शाळा उशिरा भरते म्हणून उशिरा सुटते, क्लासची बॅच मात्र आपल्या जागी ठाम, मग मधला जो तासभर सायकल फिरवायला मिळायचा तोच गेला. झोप वाढली ती खेळाच्या खात्यातून. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण अबॅकसला कोचिंग म्हणतंय कोण, ती तर 'ॲक्टिव्हिटी'. आणि २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी की नको यावरून राज्य पेटलं होतं, एप्रिलमध्ये जीआर, जूनअखेर रद्द, मीही विरोधातच होते, सह्या केल्या. पण त्या सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसात खेळाचे तास किती, यासाठी मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. पीटीचा तास गणिताच्या बाईंनी घेतला तर आपण पालक खूशच होतो, पोर्शन पूर्ण होतोय म्हणून.

आता समोरून येणारा प्रश्न मला माहितीये आणि तो खोटा नाही. तुमचं ठीक आहे हो, कोथरूडात बसून खेळाच्या गप्पा मारायला, इथे मुलांना वाचता येत नाहीये. 'असर', म्हणजे ग्रामीण मुलांना वाचता-मोजता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणारी पाहणी, तिचा २०२४ चा अहवाल सांगतो की देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. हे भयंकरच आहे. आणि ज्या बापाने स्वतः इंग्रजी येत नाही म्हणून आयुष्यभर साहेबासमोर मान खाली घातली, तो पोटाला चिमटा काढून पोराला इंग्लिश मीडियमला घालतो, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की बाबा रे, पोराला मातीत खेळू दे? त्याची भीती खरी आहे. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून त्याला जे विकलं जातंय, लवकर सुरू करा म्हणजे पुढे जाल, ते खरं नाही. असरनेच २०१९ मध्ये लहान मुलांवर अहवाल काढला होता, त्यात दिसलं की एकाच पहिलीच्या वर्गात वयाने लहान असलेली मुलं मागे आणि मोठी पुढे. म्हणजे पाचव्या वर्षी पहिलीत ढकललेलं मूल वर्षभर पुढे जात नाही, ते वर्गात वर्षभर मागे राहतं. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकायला लागलेल्या मुलांची तुलना झालीये, दहा-अकराव्या वर्षापर्यंत वाचनातला फरक नाहीसा झाला होता. अमेरिकेत टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत लॉटरीने प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली अशी जवळजवळ ३ हजार मुलं काही वर्षं तपासली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, सहावीपर्यंत पोचताना वर्गात गेलेलीच मुलं परीक्षेत आणि वागण्यात मागे दिसली. कारणांवर तिथे अजून वाद चालू आहेत, पण लवकर म्हणजे चांगलं हे गणित काही तिथे सुटलं नाही. फिनलंडचं नाव काढलं की लोक वैतागतात म्हणून एवढंच सांगते की तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही.

गरिबाच्या पोराला तर उलट चांगली अंगणवाडी जास्त हवी, गोष्टी, गाणी, मोजामोजी, भांडाभांडी, आणि दोनशे प्रश्न विचारू देणारी ताई. कोसबाडला तेच होतं की.

बरं, खेळतो की आमचा, क्रिकेट कोचिंगला जातो, असं जे म्हणतात ना त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. मी मिरजेची, वाड्यात वाढलेली, आमच्यात सोळा-सतरा मुलं, सगळ्यात मोठा दादा आठवीत आणि सगळ्यात धाकटी मी, पाच वर्षांची. मी कच्चं लिंबू. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, पण लेकीला सांगायला गेले तर तिला लेमन माहीत, लिंबू माहीत, कच्चं लिंबू माहीतच नाही! तेव्हा मला खरा धक्का बसला. कच्चं लिंबू म्हणजे जो खेळात आहे पण ज्याच्यावर राज्य नाही. पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं, पकडलं गेलं तरी आऊट नाही. कुणी मोठ्या माणसाने हा नियम घातला नव्हता. मुलांनीच ठरवलेलं, लहान आहे, दमेल, रडेल, पण बाहेर बसवायचं नाही, आत घ्यायचं. आणि त्या आत असण्यातच मी सगळं शिकले, भोज्या कुठे ते, चकायचं कसं ते, रडीचा डाव म्हणजे काय ते, टाइम प्लीज कधी म्हणायचं आणि कधी म्हटलं तर चालत नाही ते. दादालोकही शिकत होते, माझ्यामागे धावताना मुद्दाम हळू धावायला. मग एक दिवस मीच म्हणाले, मी आता कच्चं लिंबू नाही. त्या संध्याकाळी माझ्यावर राज्य आलं, ओळीने तीनदा, मी भोकाड पसरलं, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

आता हे कोचिंगमध्ये होतं का सांगा. तिथे बॅच वयानुसार, नियम कोचचे, भांडण झालं की सर सोडवणार, चूक झाली की बाउंड्रीवरून बाबा ओरडणार, अरे एल्बो वर घे एल्बो! किटबॅग दप्तरापेक्षा जड. कोचिंग वाईट नाही, ज्याला क्रिकेटर व्हायचंय त्याने जावं, पण तो सहावा विषय झाला. त्यात पाच वर्षांच्या मुलाने मी तयार आहे म्हणायची सोय नाही, ते दुसरं कोणीतरी ठरवतं. शाळेतही तेच. लिंबू कच्चं असतं, ते पिकायला वेळ लागतो, हे वाड्यातल्या आठवीतल्या पोराला कळत होतं आणि आज बीएड झालेल्या, एमबीए झालेल्या आपल्याला कळत नाही, आपण अडीच वर्षांच्या लिंबावर पहिल्याच दिवशी राज्य देतो आणि वर प्रगतीपुस्तकात लिहितो, नीड्स इम्प्रूव्हमेंट.

डोळ्यांचंही जाता जाता सांगते, कारण आमच्या ओळखीत पहिली-दुसरीच्या चार मुलांना चष्मा लागलाय. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर उजेडात काढायला लावली, बाकी काही नाही. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं दिसायची अडचण सुरू झाली होती, आणि जी मुलं नेहमीसारखीच राहिली त्यांच्यात ३९.५ टक्के. फक्त चाळीस मिनिटं, तीही फुकट. त्याच चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांचे नफ्यावर चालणारे क्लास एका फटक्यात बंद केले, तर शिकवण्या चोरून घरोघरी सुरू झाल्या. म्हणून नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. जोवर शेजारचा पाठवतोय तोवर मी पाठवणार आणि मी पाठवतेय तोवर शेजारचा.

मग हे सुटायचं कसं, तर ज्या पातळीवर बिघडलंय त्याच पातळीवर, म्हणजे घरात नाही, जिन्यात. आम्ही पाच घरांनी ठरवलं, मंगळवार आणि गुरुवार साडेपाच ते सात कुणाच्याही मुलाला कुठलाही क्लास नाही, पाहुणे आले तरी पोर खाली जाणार. एक जण खाली बाकावर बसायचं पण खेळात नाक खुपसायचं नाही, आणि ते किती अवघड आहे हे बसल्यावरच कळतं. पहिल्या आठवड्यात मुलं नुसती उभी. खरंच उभी राहिली, आता काय करायचं म्हणून आमच्याकडे बघत, जणू कुणीतरी वर्कशीट वाटणार आहे. तिसऱ्या वेळी एकाने खांबावर हात ठेवून डोळे मिटले. आता सातजण असतात, अबॅकसवाला एक साडेसहाला धावत येतो. भांडणं इतकी होतात की गेल्या गुरुवारी पाऊण तास फक्त भांडणच चाललं होतं, कुणी बाहेर लपायचं आणि पार्किंगमधलं लपणं धरायचं की नाही. ते मिटलं तेव्हा सात वाजलेले, खेळ झालाच नाही, तरी कोणी वर यायला तयार नव्हतं. आमच्याकडच्या आजींनी त्यांना कच्चं लिंबू शिकवलं, सध्या ते पद बी विंगमधल्या तीन वर्षांच्या एका गृहस्थांकडे आहे, ते लपतात आणि लपल्यावर स्वतःच ओरडून सांगतात की मी इथे आहे.

अडचण एकच उरलीये. खाली गेटजवळ पाटी आहे, 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे, हुकूमावरून', कारण गाड्यांच्या काचा. ती पाटी काढायचा विषय मी जनरल बॉडीच्या अजेंड्यावर घालायला लावलाय. सातव्या नंबरवर आहे, व्हिजिटर पार्किंगच्या खाली.